सातव्या दिवशी किती दुखतंय, ते सांगा

पत्र

सप्रेम नमस्कार. माझं वय 44, मी कराडजवळच्या गावात माध्यमिक शाळेत शिकवते. उजव्या स्तनात गाठ लागली, बायोप्सीत कॅन्सर निघाला. पंधरा दिवसांत ऑपरेशन आहे, काखेतल्या गाठीही तपासणार आहेत. ऑपरेशनची भीती आहेच, पण त्याहून वेगळी एक भीती मनातून जात नाही. माझ्या थोरल्या जाऊबाईंचं असंच ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी झालं. कॅन्सर नाही आता, पण दंडाच्या आतल्या बाजूला आग होते, ब्लाउजची बाही टेकली तरी कळ येते. घरात सगळे म्हणतात, जीव वाचला ना, मग सोस. मला मान-खांदा दुखण्याचा जुना त्रास आहे, झोपही धड नाही. भाच्याने इंटरनेटवर कुठलासा तक्ता भरून सांगितलं की मला असं दुखणं राहण्याची शक्यता 30 टक्के. सर्जनना विचारलं तर म्हणाले, आत्तापासून त्याचा विचार कशाला. मला हे होणार का, आधी कळतं का? ऑपरेशन थोडं लांबवू का? आणि जाऊबाईंसाठी आता काही करता येईल का?

— एक शिक्षिका

उत्तर

ताई,

तारीख लांबवू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी. दुखणं मागे राहील या भीतीने ऑपरेशन पुढे ढकलायचं, काखेतलं काम नको म्हणायचं किंवा नंतर रेडिएशन टाळायचं, असा विचार मनात आला तर तो सर्जनसमोर बोलून दाखवा. घरी बसून ठरवू नका. कॅन्सरचे उपचार कॅन्सरच्या हिशेबानेच ठरायला हवेत. दुखण्यासाठी जे करता येतं ते त्या उपचारांच्या जोडीने करता येतं, आणि तुम्ही आत्ताच विचारलंत म्हणून ते वेळेत करता येईल. मी भूलतज्ज्ञ आहे आणि वेदनांवर उपचार करते. ‘आत्तापासून विचार कशाला’ या उत्तराशी मी सहमत नाही. ऑपरेशनआधीचे पंधरा दिवस हीच याचा विचार करायची वेळ आहे.

ऑपरेशननंतर जखम दुखते, ते सगळ्यांनाच. तीन महिने उलटल्यावरही ते दुखणं राहिलं आणि त्याला दुसरं कारण सापडलं नाही, तर त्याला ऑपरेशननंतरची चिवट वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, म्हणजे आयसीडी-11 मध्ये, तिला स्वतंत्र नोंद आहे. जाऊबाईंना जे होतंय त्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे, जागा आहे. ती कुरकुर नव्हे.

हे किती जणींना होतं? हेलसिंकीच्या विद्यापीठ रुग्णालयात 2006 ते 2010 या काळात स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या 860 बायकांना वर्षभराने विचारलं गेलं. 34.5 टक्के म्हणाल्या, काहीच दुखत नाही. 49.7 टक्क्यांना थोडं दुखत होतं, 12.1 टक्क्यांना मध्यम आणि 3.7 टक्क्यांना तीव्र. हे आकडे नीट बघा, कारण भाच्याच्या 30 टक्क्यांचा अर्थ यातच दडलेला आहे. ‘थोडंही दुखणं’ मोजलं तर शंभरातल्या पासष्ट जणी त्यात येतात. रोजच्या कामात आड येणारं, मध्यम किंवा तीव्र दुखणंच मोजलं तर सोळा. मग तुमचे 30 कशाचे? पहिल्या अर्थाने असतील तर ते सरासरीच्या निम्म्याहूनही कमी झाले. दुसऱ्या अर्थाने असतील तर सरासरीच्या जवळजवळ दुप्पट. आकडा एकच, आणि तो ऐकून एकीने निर्धास्त व्हावं, दुसरीने सावध. कशाची शक्यता ते न सांगता नुसती टक्केवारी हातात ठेवली की माणूस फक्त घाबरतो.

आता दुखतं कशाने, ते थोडं समजून घ्या. काखेतून एक संवेदनेची नस जाते, ती दंडाच्या आतल्या बाजूच्या कातडीला स्पर्श पुरवते. काखेतल्या गाठी, म्हणजे लिम्फ नोड, तिच्या आजूबाजूलाच असतात. त्या काढताना ही नस ताणली जाते, कधी कापावी लागते. बहुतेक जणींना मग तिथे बधिरपणा येतो, आणि नुसत्या बधिरपणाची पुढे सवय होते. काही जणींची दुखावलेली नस मात्र चुकीचे संदेश पाठवू लागते. आग होणं, विजेसारखी चमक, मुंग्या, साध्या कापडाचा स्पर्शही नकोसा होणं, ही नसेच्या दुखण्याची लक्षणं. जाऊबाईंचं वर्णन तुम्ही जसं लिहिलंय, अगदी तसं.

म्हणून ‘गाठच काढणार की पूर्ण स्तन’ यावर सगळी चर्चा होत असली, तरी दुखण्याच्या दृष्टीने काखेत किती काम होणार हा प्रश्न जास्त वजनाचा आहे. डेन्मार्कमध्ये 2005 आणि 2006 साली ऑपरेशन झालेल्या तीन हजारांहून जास्त बायकांचं देशव्यापी सर्वेक्षण झालं. ज्यांच्या काखेतल्या गाठी पूर्ण काढल्या होत्या त्यांना, ज्यांची फक्त सेंटिनल नोड म्हणजे पहिली एक-दोन गाठ काढून तपासली त्यांच्यापेक्षा, दुखणं राहण्याचा धोका जास्त दिसला. रेडिएशन घेतलेल्यांना आणि कमी वयाच्या, विशेषतः चाळिशीच्या आतल्या बायकांनाही तो जास्त होता. वयाचं हे अनेकांना उलटं वाटतं. तरुण शरीर लवकर सावरतं अशी आपली समजूत असते, इथे ती लागू पडत नाही. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या शल्यचिकित्सकांनी काखेचा फक्त खालचा भाग तपासायला घेण्याची पद्धत अभ्यासली आणि 2013 साली ती प्रसिद्ध केली. सेंटिनल नोडची सोय नसेल तिथेही प्रत्येकीची काख पूर्ण साफ करावी लागू नये, हा त्यामागचा विचार. तुमच्या सर्जनना सरळ विचारा, ‘माझ्या काखेत आधी थोड्या गाठी तपासून मग पुढचं ठरवणार, की सगळ्या काढणार? आणि का?’ तुमच्या काखेत कॅन्सर पोचलेला आधीच दिसत असेल तर उत्तर ‘सगळ्या’ असू शकतं, आणि ते बरोबर असू शकतं. पण कारण ऐकण्याचा हक्क तुमचा आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न, आधी कळतं का? काही प्रमाणात कळतं. 2017 साली फिनलंड, डेन्मार्क आणि स्कॉटलंडमधल्या मिळून दीड हजारांवर बायकांची माहिती वापरून धोका मोजण्याचं एक साधन तयार झालं. कितीतरी गोष्टी चाळल्यावर शेवटी चार उरल्या. जिथे ऑपरेशन होणार तिथे आधीपासून दुखणं असणं. उंचीच्या मानाने वजन जास्त असणं. काखेतल्या गाठी पूर्ण काढणं. आणि ऑपरेशननंतर सातव्या दिवशी किती दुखतं ते.

चौथी गोष्ट पुन्हा वाचा. सातव्या दिवसाचं दुखणं ऑपरेशनच्या आधी कुणालाच ठाऊक नसतं. म्हणजे हे साधन ऑपरेशनआधी पूर्ण भरताच येत नाही. भाच्याने भरलेला तक्ता याच जातीचा असेल तर त्यात एका रकान्यात अंदाज भरलेला आहे, आणि उत्तरही अंदाजच आहे. दुसरं म्हणजे, पूर्ण भरलं तरी ते किती खरं ठरतं? वर्षानंतर मध्यम किंवा तीव्र दुखणं राहिलेली एक बाई आणि तसं न राहिलेली एक, अशा जोड्या घेतल्या तर शंभरातल्या साधारण चौऱ्याहत्तर जोड्यांत हे साधन बरोबर बाईकडे बोट दाखवतं. डोळे मिटून बोट दाखवलं तरी पन्नास वेळा बरोबर येतं. चौऱ्याहत्तर हे कामाचं आहे, पण एकट्या तुमचं भविष्य त्यातून वाचता येत नाही. शिवाय तिन्ही देश उत्तर युरोपातले. आपल्या बायकांची शरीरं, ऑपरेशनला पोचेपर्यंत वाढलेला आजार, घरी गेल्यावर मिळणारी विश्रांती, सगळंच वेगळं. त्यामुळे तिथली टक्केवारी इथे जशीच्या तशी लावू नये. कोणत्या गोष्टींकडे लक्ष द्यायचं ते मात्र तिथून घ्यावं.

आणि त्या चारांतली सातव्या दिवसाची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण आपल्या घरांत नेमकी तीच लपवली जाते. ऑपरेशन झालेली बाई दोन-तीन दिवसांत ड्रेनची, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी, नळी सांभाळत घरी येते. राउंडला आलेल्या डॉक्टरांना ती ‘बरं आहे’ म्हणालेली असते. घरी भेटायला येणारे असतात, त्यांच्यासमोर कण्हायचं कसं? सासूबाई सांगतात की बाळंतपणं झाली तेव्हा काय कमी दुखलं होतं. गोळ्यांनी किडनी जाते हे कुणीतरी छातीठोकपणे सांगून जातं, मग रात्रीची गोळी टाळली जाते. सातवा दिवस असा घरात, गप्प राहून जातो. त्या दिवशी किती दुखतंय हे डॉक्टरांना कळतच नाही, आणि जी खूण सगळ्यांत सहज मिळाली असती तीच हातची जाते.

सोसणाऱ्या बाईचं आपल्याकडे कौतुक होतं. या बाबतीत त्या कौतुकाने बायकांचं नुकसान झालंय, असं माझं स्पष्ट मत आहे. जखमेकडून दिवसरात्र वेदनेचे संदेश येत राहिले की मज्जारज्जू आणि मेंदू त्या संदेशांना जास्त संवेदनशील होतात. पुढे मग थोड्या कारणानेही जास्त दुखतं. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत लिहून दिलेल्या गोळ्या घड्याळाप्रमाणे घ्या, कळ असह्य होण्याची वाट बघू नका. किडनीचा, पित्ताचा, अल्सरचा त्रास असेल तर तो आधीच सांगा, म्हणजे डॉक्टर त्याला चालतील अशाच गोळ्या देतील. शून्य ते दहा अशा मापाने दुखणं मोजा. स्वस्थ पडल्यावर किती आणि हात उचलताना किती, दोन्ही लिहून ठेवा. आठवड्याभराने आकडा चार किंवा त्याहून वर असेल तर फोन करा, पुढच्या तपासणीच्या तारखेसाठी थांबू नका. ‘दुखतंय’ म्हटलं तर ‘दुखणारच’ असं उत्तर येतं. ‘सातवा दिवस आहे, हात उचलताना सहा आहे, आणि आग होते’ असं म्हटलं की समोरच्याला काहीतरी करावं लागतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सुरुवातीचं दुखणं कमी केलं की पुढचं हमखास टळतं, असं सिद्ध झालेलं नाही. भूल देताना मणक्याशेजारी सुन्न करणारं इंजेक्शन देतात, त्याला पॅराव्हर्टेब्रल ब्लॉक म्हणतात. काही छोट्या अभ्यासांत त्याने पुढचं चिवट दुखणं कमी झाल्यासारखं दिसलं. पण 2019 साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या दोन हजारांवर बायकांच्या मोठ्या चाचणीत सहा महिन्यांनी जखमेचं दुखणं, ब्लॉक दिलेल्या आणि न दिलेल्या, दोन्ही गटांत 52 टक्के निघालं, आणि वर्षाने एका गटात 28, दुसऱ्यात 27. म्हणजे फरक नाही. तरीही तुमच्या भूलतज्ज्ञांनी असा ब्लॉक सुचवला तर जरूर घ्या, पहिल्या दिवसाचं दुखणं त्याने हलकं होतं आणि तेवढंही पुष्कळ आहे. फक्त ‘हे इंजेक्शन घेतलं की पुढे काही होत नाही’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

तुमच्या मान-खांद्याचं काय? वरच्या चार गोष्टींत ‘ऑपरेशनच्या जागेचं’ आधीचं दुखणं आहे. मान म्हणजे ती जागा नव्हे. पण हेलसिंकीच्या अभ्यासात शरीरात इतरत्र असलेलं जुनं दुखणंही पुढच्या त्रासाशी जोडलेलं आढळलं, आणि ऑपरेशनआधीचं नैराश्यही. चिंता, आणि दुखण्याबद्दल सतत वाईटातलं वाईट मनात येत राहणं, यांचाही संबंध इतर संशोधनांत दिसला आहे. याचा अर्थ दुखणं मनाचे खेळ असतं असा कुणी काढला तर त्याला तिथेच थांबवा. वेदना नसेतून निघते आणि मेंदूत जाणवते, आणि न झोपलेल्या, घाबरलेल्या मेंदूत ती जास्त जाणवते. हे शरीरशास्त्र आहे, स्वभावाचा दोष नाही. म्हणून खांद्याचा त्रास आत्ताच फिजिओथेरपिस्टना दाखवा. काखेच्या ऑपरेशननंतर तोच खांदा हलवायचाय, तो आधीच आखडलेला असेल तर दुप्पट जड जाईल. झोपेचं डॉक्टरांना सांगा. आणि घरातल्या एका तरी माणसाशी, जो लगेच धीर द्यायला न लागता ऐकून घेईल, या भीतीबद्दल बोला.

ऑपरेशननंतरच्या व्यायामाबद्दल मात्र पुरावा चांगला आहे. ब्रिटनमध्ये खांद्याचा त्रास होण्याची शक्यता जास्त असलेल्या 392 बायकांची चाचणी झाली, ती 2021 साली प्रसिद्ध झाली. ज्यांना ऑपरेशननंतर सात ते दहा दिवसांनी फिजिओथेरपिस्टनी व्यायाम शिकवायला सुरुवात केली, त्यांचा हात वर्षभराने नुसतं पत्रक मिळालेल्यांपेक्षा चांगला चालत होता आणि दुखणंही कमी होतं. हात सुजण्याचं प्रमाण त्यामुळे वाढलं नाही. आपल्याकडे ‘हात हलवू नकोस, टाके तुटतील’ या काळजीपोटी महिनाभर हात पोटाशी धरून ठेवतात. तसं करू नका. कधी आणि किती हलवायचा ते सर्जनना विचारून, पण हलवा. हात उचलताना काखेतून कोपराकडे दोरीसारखं काही ताणलेलं हाताला लागलं तर घाबरू नका, ऑपरेशननंतर काही जणींना असं होतं. फिजिओथेरपिस्टना दाखवा, बहुतेक वेळा ते सुटतं.

जाऊबाईंबद्दल. तीन वर्षं झाली म्हणून उशीर झाला असं नाही. डेन्मार्कच्या त्याच बायकांना 2012 साली पुन्हा विचारलं, तेव्हा आधी दुखत होतं म्हणणाऱ्यांपैकी 36 टक्क्यांचं दुखणं थांबलं होतं. उलट आधी न दुखणाऱ्यांपैकी 15 टक्क्यांना ते सुरू झालं होतं. दुखणं बदलत राहतं, दोन्ही बाजूंनी. नसेच्या दुखण्यावर साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत, म्हणून ‘गोळ्या खाऊन बघितल्या, उपयोग नाही’ असं त्यांचं मत झालं असेल. त्यासाठी ॲमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन, प्रीगॅबॅलिन, ड्युलोक्सेटिन अशी वेगळी औषधं असतात, ती थोड्या मात्रेपासून वाढवत नेतात. ती मेडिकलमधून परस्पर घेऊ नयेत. विशेषतः त्यांची टॅमॉक्सिफेन, म्हणजे कॅन्सर परत येऊ नये म्हणून देतात ती हार्मोनवरची गोळी, चालू असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगायलाच हवं, कारण काही औषधांमुळे टॅमॉक्सिफेनचं शरीरात परिणामकारक रूप बनायला अडथळा येतो. लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल ही त्याच कामाची दुसरी गोळी चालू असेल आणि सांधेही दुखत असतील तर ते दुखणं त्या गोळीचं असू शकतं, ऑपरेशनचं नाही. जवळ पेन क्लिनिक, म्हणजे वेदनांवर उपचार करणारा दवाखाना, असेल तर तिथे, नसेल तर ऑपरेशन केलेल्या रुग्णालयात त्यांना घेऊन जा. दुखणं नव्याने सुरू झालं असेल, वाढत असेल, पाठीत किंवा हाडात असेल, हात सुजला असेल किंवा छातीवर गाठ लागत असेल, तर वेदनेच्या औषधाआधी कॅन्सरच्या डॉक्टरांची तपासणी हवी.

तुमच्या ऑपरेशनच्या एक-दोन दिवस आधी भूलतज्ज्ञ तपासणी करतील. बीपी, शुगर, दातांची कवळी, ॲलर्जी असं सगळं विचारतील. बहुतेक वेळा ‘आधीपासून कुठे दुखतं का’ हे विचारायचं राहून जातं, म्हणून तुम्हीच सांगा. हवं तर हे कागदावर लिहून न्या: ‘मला मान-खांद्याचं जुनं दुखणं आहे. झोप कमी आहे. स्तनात किंवा काखेत आत्ता दुखतं’ किंवा ‘दुखत नाही’, जे खरं असेल ते. ‘माझ्या जाऊबाईंना ऑपरेशननंतर दुखणं राहिलंय, म्हणून मला भीती वाटते. दुखणं कमी ठेवायला तुम्ही काय काय देणार आहात? घरी गेल्यावर सातव्या दिवशी दुखणं चार किंवा त्याहून वर असेल तर मी कुणाला फोन करू?’ शेवटच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून एक नंबर लिहून घ्या, आणि तो घरात अशा माणसाकडे द्या जो तुम्ही ‘राहू दे’ म्हणालात तरी फोन लावेल.